ज्येष्ठता डावलण्याचे राजकारण

सर्वोच्च न्यायालयातील सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशानेच सरन्यायाधीश व्हावे, असे भारताच्या राज्यघटनेत कुठेही लिहिलेले नाही. तो केवळ प्रघात. १९६४मध्ये न्या. जाफर इमाम आजारी असल्याने त्यांच्याऐवजी न्या. गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले, तेव्हा कोणी फारसे आक्षेप घेतले नाहीत. १९७३ची गोष्ट वेगळी होती.

गोलकनाथ (१९६७), बँक राष्ट्रीयीकरण आणि संस्थानिकांचे तनखे (दोन्ही १९७०) असे मोठे खटले सरकार हरले होते. बँकांच्या खटल्यात अकरा न्यायाधीशांपैकी एकटे न्या. अजितनाथ राय सरकारच्या बाजूने उभे राहिले. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल ७ विरुद्ध ६ असा लागला. घटनेच्या मूलभूत चौकटीला संसद हात लावू शकत नाही, असे ठरले. दुसऱ्याच दिवशी न्या. शेलत, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर यांना डावलून राय यांची निवड जाहीर झाली. तिघांनीही राजीनामे दिले.

या निवडीमागचे गणित निवृत्तीच्या तारखांत आहे. शेलत जुलै १९७३मध्ये निवृत्त होणार होते, हेगडे जून १९७४मध्ये आणि ग्रोव्हर फेब्रुवारी १९७७मध्ये. राय मात्र जानेवारी १९७७मध्येच, म्हणजे ग्रोव्हर यांच्याही आधी. क्रम पाळला असता तर राय त्या खुर्चीपर्यंत कधी पोहोचलेच नसते. क्रम मोडताच त्यांना पावणेचार वर्षे मिळाली.

लोकसभेत बचावाला उभे राहिले ते पोलादमंत्री मोहन कुमारमंगलम. न्यायाधीशाचा सामाजिक दृष्टिकोन पाहण्याचा सरकारला अधिकार आहे, असे त्यांनी उघडच मांडले. केवळ ज्येष्ठतेवर सरन्यायाधीश नेमू नये, ही विधी आयोगाची १९५८ची शिफारसही त्यांच्या हाताशी होती. शिफारस खरीच होती. पण ती पंधरा वर्षांनी नेमकी निकालाच्या दुसऱ्या दिवशी आठवावी, हे पटण्यासारखे नाही.

डावपेच पुरता फळला नाही. नोव्हेंबर १९७५मध्ये राय यांनी केशवानंद निकालाच्या फेरविचारासाठी तेरा न्यायाधीशांचे पीठ बसवले आणि ज्येष्ठ वकील पालखीवालांच्या युक्तिवादानंतर दोनच दिवसांत बरखास्त केले. आणीबाणीत कोठडीतल्या माणसाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने एकट्याने निकाल देणारे न्या. हंसराज खन्ना जानेवारी १९७७मध्ये डावलले गेले, न्या. बेग सरन्यायाधीश झाले. जनता सरकारने १९७८मध्ये, काही वकिलांचा विरोध असतानाही, ज्येष्ठताच पाळली आणि न्या. यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश झाले. आणीबाणीतल्या त्याच खटल्यात ते बहुमताच्या, म्हणजे सरकारच्या बाजूने होते.

पुढे वाद सरकला तो न्यायालयात कोणाला घ्यायचे यावर. १९९३च्या निकालाने निवडीची सूत्रे न्यायवृंदाकडे, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्याच गटाकडे, गेली. ती काढून घेण्यासाठी केलेला नियुक्ती आयोगाचा कायदा २०१५मध्ये ४ विरुद्ध १ मतांनी रद्द झाला. सरकारच्या हाती उरली ती दिरंगाई. सर्वोच्च न्यायालयासाठी न्या. के. एम. जोसेफ यांच्या नावाची न्यायवृंदाने जानेवारी २०१८मध्ये केलेली शिफारस केंद्राने एप्रिलमध्ये परत पाठवली. ऑगस्टमध्ये त्यांना शपथ मिळाली, पण मागाहून शिफारस झालेल्या दोघांनंतर. त्यामुळे ते ज्येष्ठताक्रमात त्या दोघांच्या खाली गेले.