जब्त आणि हसू

आमच्या उर्दू शाळेत शिस्तीला ‘नज्म-ओ-जब्त’ म्हणतात. यातला ‘जब्त’ म्हणजे संयम. पण हाच शब्द मराठीत ‘जप्त’ झाला आणि पोलिसांच्या पंचनाम्यात जाऊन बसला. आणीबाणीचा धडा शिकवताना आम्हाला हे दोन्ही अर्थ एकदमच आठवतात.

२५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. ४ जुलैला संघ आणि जमाअते इस्लामी, दोहोंवर एकाच दिवशी बंदी आली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे देशभर एकाच तुरुंगात आली. आमच्या नाशिकरोडच्या कारागृहातही मिसाचे बंदी होते. ही थट्टा सरकारनेच केली होती!

बाहेर उघड बोलायची सोय नव्हती. मग २८ जूनला मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एक छोटी निधनवार्ता छापून आली. ती दिली होती पत्रकार अशोक महादेवन यांनी. मृताचे नाव परदेशी वाटावे असे, पण मोठ्याने वाचले की ‘डेमॉक्रसी’ ऐकू येई. पत्नीचे नाव सत्य, अपत्याचे स्वातंत्र्य, मृत्यूची तारीख २६ जून. डिसेंबरात ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अबू अब्राहम यांचे व्यंगचित्र आले. राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद न्हाणीतल्या टबातूनच वटहुकमावर सही करून कागद बाहेर देत आहेत!

विनोबांचे ‘अनुशासन पर्व’ हे शब्द सरकारने गाजवले. लोकांनी त्यांना ‘सरकारी संत’ म्हणून उत्तर दिले. पुढे १९७६मध्ये विनोबांनीच फरक सांगितला : सत्तेचे ते शासन, आचार्यांचे ते अनुशासन.

विनोदाने सत्ता पडली नाही. ती १९७७च्या मतदानाने पडली. पण घाबरलेल्या माणसाला ‘मी एकटा नाही’ हे त्या हसण्याने सांगितले. भीती एकेकट्याला गाठते. हसायला मात्र दुसरा लागतो.

एकदा फळ्यावर कुणीतरी आमचे चित्र काढून ठेवले होते : मोठे पोट, हातात लांब छडी. वर्ग श्वास रोखून बसलेला. आम्ही डस्टर उचलले, क्षणभर थांबलो आणि हसलो. मग सारा वर्ग हसला. त्या दिवशी जब्त आम्हालाच शिकायचा होता. चित्र आम्ही तास संपेपर्यंत पुसले नाही.