दहा बाय बाराच्या खोलीतला खर्ज

रायपुरात ‘लाउडस्पीकर’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ट्रक उभा राहतो. विसर्जनाची झांकी, धुमालचा ठोका आणि माणसाहून उंच रचलेली पेट्यांची भिंत. अशा गावात घरी गाणं ऐकण्यासाठी बुटांच्या खोक्याएवढे दोन स्पीकर घ्यायचे म्हटले, की लोक आधी आकार बघतात, मग किंमत विचारतात आणि मग हसतात. एवढ्याशा डब्यांना एवढे पैसे? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला दुकानातल्या माहितीपत्रकात सापडलं नाही. ते इतिहासात सापडलं, आणि त्या इतिहासाचं एक टोक आमच्याच गावात आहे.

रायपूरकडचा मराठी माणूस बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथला आहे. पण गाण्याच्या नकाशावर तो कायम कडेला राहिला. पुण्यात १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला; तिथे जाऊन पहाटेपर्यंत बसणं इथल्या किती जणांना जमणार होतं? इथे गाणं आलं ते पेटीतून. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूर ज्या राज्यात होतं त्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे १९४८ साली सुरू झालेलं नागपूरचं आकाशवाणी केंद्र आम्हाला परकं नव्हतं. रायपूरचं स्वतःचं केंद्र आलं २ ऑक्टोबर १९६३ ला. मधल्या काळात दिल्लीहून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम येऊ लागला होता. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर हे मराठीच. त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली, म्हणून लोक रेडिओ सिलोनकडे वळले. शास्त्रीय संगीताच्या रसिकांची मात्र त्या वर्षांत चंगळ झाली. पुण्या-मुंबईचा श्रोता रेडिओ ऐकायचा तो मैफिलींच्या जोडीला. आमच्यासाठी रेडिओ हीच मैफल होती. म्हणून पेटी कशी आहे हा आमच्याकडे कधीच निव्वळ चैनीचा प्रश्न नव्हता.

ती पेटी म्हणजे व्हॉल्व्हचा रेडिओ. समोर जाळीचं कापड, आत एकच कागदी कोन, मागची बाजू जवळपास उघडी. कंठ त्यातून सुरेख यायचा, कारण माणसाचा आवाज ज्या मधल्या पट्ट्यात राहतो तोच त्या पेटीचा आवडता पट्टा. पण खाली काय जायचं? पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्‌झचा. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. मागून उघड्या पेटीत इतका खालचा स्वर टिकत नाही. कोनाच्या पुढची लाट मागच्या लाटेला भेटते आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. म्हणजे त्या पिढ्यांनी खर्जाच्या तारेचा मूळ स्वर रेडिओवर जवळजवळ ऐकलाच नाही. तरी तानपुरा लागलेला नाही असं कोणाला वाटलं नाही!

याचं कारण तानपुऱ्यातच आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात काम करत असताना १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. साध्या तारेला एखाद्या बिंदूवर छेडलं तर काही उपस्वर उमटायला नकोत, असा युरोपातला जुना नियम होता. तानपुरा तो मोडतो, हे रामन यांनी दाखवलं. घोडीचा रुंद, बाकदार माथा आणि त्यावर तारेखाली सरकवलेला दोरा, म्हणजे ज्याला आपण जवारी म्हणतो, तो उपस्वरांचा अख्खा जथा उभा करतो. मूळ स्वर गळून पडला तरी त्या जथ्यावरून कान तो स्वर स्वतःच भरून घेतो.

आता लहान पेटीकडे येऊ. स्पीकरमध्ये आकार, खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तीन गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी पेटी पूर्ण बंद केली, आत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला आणि बेताच्या आकाराच्या पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. मोबदल्यात ॲम्प्लिफायरला जास्त राबावं लागलं.

माझ्या निवडीत ज्या पेटीचा सगळ्यात मोठा वाटा आहे ती मात्र ब्रिटनच्या बीबीसीची. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथले अभियंते स्टुडिओ बांधण्याआधी त्याची एक-अष्टमांश आकाराची प्रतिकृती करून तिच्यात ध्वनी कसा वागतो ते तपासत होते. त्या प्रयोगासाठी केलेल्या छोट्या स्पीकरमधून पुढचा रस्ता निघाला. बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत जागा नसते आणि हेडफोनवर निर्णय धड होत नाही, म्हणून तीच कल्पना वाढवून एलएस३/५ए तयार झाला. डडली हारवूड आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा अहवाल १९७६चा. उंची सुमारे ३० सेंटिमीटर, रुंदी १९, खोली १६. बर्च प्लायवुडच्या पातळ भिंती, आतून डांबरी थर. केईएफ कंपनीचा पाच इंची प्लास्टिक कोन आणि वर छोटा ट्वीटर, त्याच्याभोवती फेल्टची चौकट. पुढे हारवूड यांनी हार्बेथ ही कंपनी काढली; नावात हारवूड आणि पत्नी एलिझाबेथ. आणखी एक बीबीसीवाले स्पेन्सर ह्यूज, त्यांची स्पेंडॉर; त्यात स्पेन्सर आणि डोरोथी. आपल्याकडे बंगल्यांना अशी नावं देतात.

ही पेटी कुणाला खूश करण्यासाठी केलेली नव्हती. निवेदकाचा आवाज निवेदकासारखा येतो का, हे गाडीतल्या माणसाला कळावं एवढंच तिचं काम. तिच्यात शंभर हर्ट्‌झच्या जरा वर एक हलका उठाव आहे, त्यामुळे पेटी आहे त्यापेक्षा मोठी भासते. आमचा काळी एकचा षड्ज नेमका त्या उठावाच्या अंगाला येतो. लंडनच्या अभियंत्यांच्या हे ध्यानीमनीही नसणार.

मी शेवटी याच घराण्यातला, आज नव्याने बनणारा जोड घेतला. त्याआधी मोठे, उभे स्पीकरही ऐकले. दुकानाच्या दालनात ते राजेशाही वाटले. पण माझी खोली बारा फूट लांब, दहा रुंद आणि दहाच उंच. जुन्या कवेलूच्या घरात आवाज छपरातून थोडा निसटून जायचा. स्लॅबच्या घरात तो जाणार कुठे? बारा फुटांची लांबी ४७ हर्ट्‌झला घुमते. रुंदी आणि उंची सारखी असल्याने दोन्ही ५६ लाच घुमतात, म्हणजे तिथे दुप्पट ढिगारा. चाळीसपर्यंत उतरणारा स्पीकर अशा खोलीत डग्गा वाजवतो की पाण्याची टाकी, हे ओळखणं कठीण. लहान पेटी तिथवर जोर लावतच नाही. भिंतीपासून दोन फूट पुढे, स्टँडवर, मागे पुस्तकांचं कपाट, खाली सतरंजी. एवढ्याने भागलं.

म्हणजे हिशेब असा की इतका खर्च करूनही ६९ हर्ट्‌झची ती तार पुरती मिळत नाहीच. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा खर्ज १०४ वर असतो, तो सबंध मिळतो. पुरुषांच्या तानपुऱ्याचा अर्धामुर्धा. पण जवारी मिळते, आणि ती रेडिओत नव्हती. षड्जावर आवाज ठेवताना तानपुरा त्याला खालून उचलून धरतो तो क्षण, कुमार गंधर्वांनी दोन फेकींच्या मध्ये घेतलेला श्वास, हे सगळं मधल्या पट्ट्यातलं आहे आणि ते जागच्या जागी ऐकू येतं. मोठ्या पेट्या ऐकताना माझं लक्ष पेट्यांकडेच जायचं.

खर्जासाठी वेगळा सबवूफर लावावा, असा एका जाणकार स्नेह्यांचा आग्रह आहे. त्यांचं म्हणणं चूक नाही. पण आमची एक भिंत शेजाऱ्यांची आहे, आणि खालचे स्वर भिंत मानत नाहीत. निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा कायद्याने ४५ डेसिबलची. झांकीच्या रात्री ती कोण पाळतं ते सोडा. शिवाय मे महिन्यात इथे कूलर चालू असला की तानपुऱ्याच्या चारही तारा सारख्याच हरवतात. तेव्हा मी साडेनऊला कूलर बंद करतो, खिडकी उघडतो, आणि घाम येईपर्यंत जेवढा विलंबित होतो तेवढा ऐकतो.