मुळेवरचा पूल आणि दोन शहरांची एक बस

शहराचा इतिहास लिहावयाचा म्हटला की आपल्यापुढे वाडे, वेशी, पेठा आणि पुढारी उभे राहतात. दोन शहरांच्या मधल्या रस्त्याला मात्र सहसा इतिहासकार लाभत नाही. असा रस्ता कोणा एकाचा नसतो, त्यामुळे त्याची आठवण ठेवण्याची जबाबदारीही कोणा एकाची नसते. निगडीहून आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी आणि पुढे मुळा ओलांडून बोपोडी, खडकी, शिवाजीनगर असा पुण्यात उतरणारा जुना मुंबई-पुणे रस्ता हा या विस्मरणाचा ठळक नमुना आहे. शेजारी शहरे एकत्र येतात म्हणजे नेमके काय होते, हे या रस्त्यावरच्या सार्वजनिक वाहतुकीच्या कहाणीतून चांगले उलगडते, असे आम्हांस वाटते.

या वाटेवरील ये-जा महापालिकांहून कितीतरी जुनी आहे. मोरया गोसावींच्या चिंचवडला पेशव्यांचे जाणे-येणे होते. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करून याच मार्गाने पुण्यात येते. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला, तोही याच पट्ट्यातून. म्हणजे प्रवास आधीचा आहे, हद्द नंतरची. हा क्रम ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढे आपण हद्दीलाच मूळ आणि प्रवासाला अडचण मानू लागलो.

हद्दी पडत गेल्या त्या अशा. पुणे महापालिका १९५० मध्ये अस्तित्वात आली. वाटेत खडकीचा लष्करी भाग होता. त्याचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. स्वातंत्र्यानंतर पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग भोसरीची औद्योगिक वसाहत आणि मोटारींचे मोठे कारखाने आले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये तिची महापालिका. ‘पिंपरी-चिंचवड’ या नावातली जोडरेघ त्या जन्माची खूण आहे. जे शहर स्वतःच गावांच्या जोडणीतून घडले, त्याला शेजारच्या शहराशी जोडून घेणे मात्र बराच काळ जमले नाही.

कामगाराच्या दृष्टीने पाहिले तर हा सारा एकच प्रदेश होता. घर एका महापालिकेत, कारखाना दुसऱ्या महापालिकेत आणि मधला काही रस्ता लष्कराच्या हद्दीत, अशी हजारोंची दिनचर्या होती. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली, तेव्हा रेल्वेने हा पट्टा एकसंध धरला. तिला महापालिकांच्या हद्दीशी देणेघेणे नव्हते. बसचे मात्र तसे नव्हते. पुण्याची पीएमटी १९५० पासूनची, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४ पासूनची. दोन उपक्रम, दोन अंदाजपत्रके, दोन आगारव्यवस्था. ज्या टापूत गर्दी आणि म्हणून उत्पन्न असते तेथे दोघांनीही धाव घ्यावी आणि विरळ वस्तीची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलावी, हा अशा रचनेचा स्वाभाविक मोह असतो.

भाषेच्या अभ्यासकांनी येथे बसच्या पाट्यांकडे पाहावे. ‘निगडी ते मनपा’ ही पाटी कोणाला कोड्यात टाकीत नाही. मनपा म्हणजे पुण्याची महापालिका, हे सर्वांनी गृहीत धरलेले आहे. एकाच रस्त्यावर दोन महापालिका असताना सामान्यनाम एकीने घेतले आणि दुसरीला विशेषणासह उभे राहावे लागले. थोरल्या-धाकट्या शहरांच्या नात्याचे इतके नेमके चित्र एखाद्या ठरावातही सापडणार नाही.

२००७ मध्ये दोन्ही उपक्रम विलीन होऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ मर्यादित ही कंपनी स्थापन झाली. पुण्याचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४०. आणि तोटाही याच प्रमाणात सोसावयाचा. या घटनेचे वर्णन बहुधा ‘विलीनीकरण’ या प्रशासकीय शब्दात उरकले जाते. आमच्या मते तिचे महत्त्व त्या तोट्याच्या वाटणीत आहे. सद्भावनेचे ठराव कोणीही करील. शेजाऱ्याच्या प्रवाशाचा तोटा आपल्या तिजोरीतून भरणे ही निराळी गोष्ट आहे. कारखान्यांच्या जकातीवर श्रीमंत झालेल्या महापालिकेने आणि ज्येष्ठतेचा अभिमान बाळगणाऱ्या महापालिकेने एकाच हिशेबवहीत नावे लिहिली, हे या पट्ट्याच्या इतिहासातले खरे वळण होय.

वही एक झाली तरी रस्ता एक झाला नाही. निगडी ते दापोडी या भागात बसकरिता स्वतंत्र मार्गिका आखली गेली. तिच्यावरील जलद बससेवा दीर्घ प्रतीक्षेनंतर २०१८ मध्ये सुरू झाली. ही मार्गिका दापोडीत संपते. पुढे हॅरिस पूल, आणि पुलापलीकडे बोपोडी-खडकीचा तो टापू, जेथे लष्करी जमिनीमुळे रस्त्याचे रुंदीकरण वर्षानुवर्षे अडले. निगडीकडून येताना वाचवलेली मिनिटे प्रवाशाने तेथे परत करावयाची. पुसली गेलेली हद्द डांबरावर पुन्हा उमटली, ती अशी.

मेट्रोच्या इतिहासातही हाच पूल आडवा आला. ६ मार्च २०२२ रोजी या मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला तो पिंपरी ते फुगेवाडी, म्हणजे संपूर्णपणे मुळेच्या अलीकडे. नदी ओलांडून गाडी दिवाणी न्यायालयापर्यंत पोहोचली १ ऑगस्ट २०२३ रोजी, आणि भुयारातून स्वारगेटला सप्टेंबर २०२४ मध्ये. आज खांबांवरून जाणाऱ्या प्रवाशाला हद्द कोठे लागली हे कळतही नाही. हे यश मोठे आहे. परंतु ते मुख्यतः केंद्र आणि राज्य यांच्या संयुक्त कंपनीचे यश आहे. शेजाऱ्यांतला बांध येथे वरच्या सत्तेने उंचावरून ओलांडला. बसच्या कंपनीत मात्र दोन शेजाऱ्यांना समोरासमोर बसून कोणी किती द्यावयाचे, गाड्या कोणत्या भागाला किती, हे ठरवावे लागते.

म्हणूनच आम्ही बसच्या त्या कटकटीच्या व्यवहाराला अधिक मोल देतो. मेट्रोच्या स्थानकापासून आत, तळवडे-चिखलीसारख्या भागांतल्या घरापर्यंतचा प्रवास शेवटी बसनेच करावयाचा असतो. त्या बसचा तोटा ‘आपला’ की ‘त्यांचा’, या प्रश्नाच्या उत्तरावर कामावर वेळेत पोहोचणे आणि मुलीला दूरचे महाविद्यालय परवडणे अवलंबून असते.

विलीनीकरणानंतरही लोकांच्या तोंडी ‘पीएमटी’ हेच नाव राहिले. भाषा कागदापेक्षा सावकाश चालते, असे म्हणून हे सोडून देता येईल. पण त्यात एक सूचनाही आहे: दोन शहरांची एक संस्था कागदावर झाली, तिला अजून दोघांचे म्हणून हाक मारता येईल असे नाव मिळालेले नाही. ते नाव ठरावाने मिळणार नाही. मुळेच्या दोन्ही तीरांवर थांब्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला बस सारख्याच खात्रीने मिळू लागेल, तेव्हा ते आपोआप रूढ होईल.