कावाउ तांब्याची खाण

न्यूझीलंडच्या हाउराकी आखातातील कावाउ बेटावरची एकोणिसाव्या शतकातील लहान खाण. ऑकलंडच्या उत्तरेस सुमारे 45 किमी. देशातील अगदी सुरुवातीच्या धातुखाणींत तिची गणना होते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या भांडवलदारांनी मँगनीजसाठी येथे खोदकाम सुरू केले होते; ते चालू असतानाच 1844च्या सुमारास तांब्याचे धातुक सापडले. बेटावरचे बॉन ॲकॉर्ड बंदर ॲबर्डीन शहराचे ब्रीदवाक्य आजही नावात बाळगून आहे.

खाणकामासाठी कॉर्नवॉलमधून अनुभवी कामगार आणले गेले. तांब्याची शिरा थेट भरतीच्या रेषेपाशी उघडी पडली होती. त्यामुळे ती शोधायला सोपी गेली, खणायला मात्र फार अवघड. विवर जरा खाली गेले की समुद्राचे पाणी झिरपू लागे आणि उपसा थांबला की काम बंद पडे. याच उपशासाठी किनाऱ्यावर वाफेच्या इंजिनाचे दगडी पंपघर आणि उंच धुराडे उभारले गेले.

दुसरी अडचण धातुकाच्या स्वभावातच होती. त्यात गंधक भरपूर. दमट हवेत अशा धातुकाचे ऑक्सिडीकरण होऊन ते आपोआप तापते. जहाजाच्या तळाशी कित्येक आठवडे ढीग पडून राहिला, तर भर समुद्रात आग लागण्याची भीती असे. इंग्लंडला कच्चा माल पाठवणे म्हणूनच धोक्याचे ठरले आणि 1840च्या दशकाच्या अखेरीस बॉन ॲकॉर्ड बंदरात भट्ट्या बांधल्या गेल्या. भट्टीवर वेल्समधील जाणकार कारागीर होते. धातुक आधी भाजून गंधक उडवायचे, मग वितळवून मळी काढायची. यातून रेग्युलस, म्हणजे तांब्याचे प्रमाण वाढलेला अर्धशुद्ध माल मिळे. तो सुरक्षितपणे नेता येई आणि जहाजभाड्यातही बचत होई.

तरीही खाणीचे सर्वाधिक नुकसान माणसांच्या भांडणाने केले, असेच म्हणावे लागते. फ्रेडरिक व्हिटेकर व थिओफिलस हील यांनी भरतीरेषेखालच्या जमिनीवर हक्क मिळवला आणि पहिल्या कंपनीच्या अगदी पुढ्यात, समुद्राच्या बाजूने, स्वतःचे विवर खणले. शिरा एक, मालक दोन! जमिनीवरच्या कंपनीला शिरेमागोमाग समुद्राखाली जाता येईना आणि प्रतिस्पर्ध्यांना पाय ठेवायला पुरेशी कोरडी जागा मिळेना. पाणी तर दोघांकडेही शिरत होते. एकत्र उपसा केला असता, तर खाण आणखी काही वर्षे तगली असती, असे मानायला जागा आहे. हा व्हिटेकर पुढे दोनदा न्यूझीलंडचा पंतप्रधान झाला.

1850च्या दशकाच्या मध्यास काम थांबले. नंतर ते पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न टिकले नाहीत. भरतीरेषेजवळच्या खडकांवर तांब्याचे हिरवे डाग अजून दिसतात. पंपघराचे अवशेष व धुराडे जतन केलेले आहेत. गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे याने 1862 मध्ये बेट विकत घेऊन खाण-व्यवस्थापकाच्या घराचा विस्तार केला. ‘मॅन्शन हाउस’ म्हणून पर्यटक पाहतात ते हेच घर.