न घेतलेलं मत

खिशातला मोबाइल काढून ठेवा, इथे त्याचा उपयोग नाही. रुपयाचे सोळा आणे होतात एवढं ध्यानात धरा. नवे पैसे यायला अजून पाच महिने आहेत. तारीख 31 ऑक्टोबर 1956, बुधवार. तुम्ही गोंदिया जंक्शनच्या फलाटावर उभे आहात. हावड्याकडून आलेली मोठी गाडी नुकतीच नागपूरकडे निघून गेली आहे आणि कोळशाचा धूर अजून विरलेला नाही. पलीकडे बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी छोटी गाडी उभी आहे, अडीच फुटी रुळांवरची. तिच्या डब्यांत दिवाळीचा बाजार आणि माहेरवाशिणी एकमेकांना खेटून बसल्या आहेत.

ही गाडी आज तुम्हाला जबलपूरपर्यंत एकाच राज्यातून नेते. त्या राज्याचं नाव मध्य प्रदेश, राजधानी नागपूर, आणि राजभाषा दोन: हिंदी आणि मराठी. उद्या सकाळीही हीच गाडी याच रुळांवरून जाईल, पण बाघ नदीपाशी राज्य बदललेलं असेल. नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा, अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ हे आठ मराठी जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात जाणार आहेत. गोंदिया ही भंडारा जिल्ह्याची तहसील. गोंदिया जिल्हा व्हायला 1 मे 1999 उजाडावं लागेल.

स्टेशनाबाहेर या. भाताच्या गिरण्यांचा कोंडा हवेत आहे, बैलगाड्यांची रांग आहे, हलका धान घरी येऊ लागला आहे. भाऊबीज सरली की गावोगाव मंडईच्या जत्रा भरतील आणि रात्रभर दंडारीचं लोकनाट्य रंगेल, त्याची बोलणी आतापासून चालू आहेत. पानठेल्यावर नागपूर आकाशवाणीच्या बातम्या लागल्या आहेत. मराठी ऐकणारे आणि हिंदी ऐकणारे एकाच खांबाला टेकून उभे आहेत. कुणी मिरवणूक काढलेली नाही, कुणी निषेधाचा फलक धरलेला नाही. मुंबईत याच वर्षीच्या जानेवारीत राज्यांच्या फेररचनेच्या याच प्रश्नावर गोळ्या चालल्या, माणसं मेली. इथे चहाच्या कपावर चर्चा चालली आहे. या शांततेला तुम्ही उदासीनता समजू नका, चर्चा नीट ऐका.

शाळामास्तर खूश आहेत. दहा वर्षांपूर्वी बेळगावच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर होते, नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक, आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी तिथे जोरात उठली, हे ते समोरच्याला समजावून सांगतात. मराठी माणूस एका छपराखाली आला पाहिजे, हे त्यांच्या मनात पक्कं आहे, आणि त्या आनंदात खोट काहीच नाही. त्यांच्या शेजारचा कारकून मात्र गप्प आहे. त्याच्या साहेबाचं नाव भोपाळच्या यादीत आलंय, नागपूरच्या सचिवालयातली कपाटं रिकामी होत आहेत, आणि आपण कुठल्या यादीत हे त्याला अजून नीटसं कळलेलं नाही. तिसरा माणूस पोवार शेतकरी, घरी पोवारी बोलणारा. त्याची एक लेक बालाघाटकडच्या वारासिवनीला दिली आहे, दुसरी इकडे तिरोड्याला.

“आता दोन्ही जवाई दोन राज्यांत जी,” तो म्हणतो. “कोर्टाचं काम पडलं तर मोठ्या जवायाले जबलपूरले जा लागंल, आमाले नागपूरले.”

त्याचा हिशोब बरोबर आहे. नव्या मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय जबलपूरला जातंय आणि नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ राहणार आहे. आजवर बालाघाटचा माणूस गोंदियात गाडी बदलून नागपूरला जायचा: शिक्षणाला, दवाखान्याला, सरकारदरबारी. उद्यापासून त्याची राजधानी भोपाळ. गोंदियाकराची राजधानी मुंबई, रेल्वेने सहाशे मैलांवर. नागपूर या दोघांच्या मधे होतं, आणि तेच राजधानीपणाला मुकलं.

बाजारामागच्या गल्लीत वळा. ओसरीवर एक बाई मांडीवर सूप घेऊन बसली आहे. भिजवून मऊ केलेल्या तेंदूपत्त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवून ती कैचीने पान कापते, चिमूटभर जर्दा लांबट पसरते, बोटांच्या एका फेऱ्यात सुरळी वळते, तोंड नखाने आत मुडपते आणि दुसऱ्या टोकाला दोरा गुंडाळते. तुम्ही एक श्वास सोडता तोवर तिची दुसरी बिडी सुरू झालेली असते. संध्याकाळी सट्टेदार तिचा माल मोजेल, छाट बाजूला काढील आणि उरलेल्याचे पैसे देईल. तिला तुम्ही सांगता, उद्यापासून तुमचं सरकार मुंबईचं.

हात न थांबवता ती विचारते, “मंग हजारामागं काही वाढवतीन का?”

त्या दिवशी गोंदियात विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न हाच, असं मी मानतो. 1948 च्या किमान वेतन कायद्याने विडीची मजुरी ठरवायची ती राज्य सरकारने. म्हणजे एकाच जंगलातलं पान नदीच्या अल्याड वळलं तर मजुरी एका राजधानीत ठरणार, पल्याड वळलं तर दुसऱ्या. राज्य बदलणं म्हणजे काय, हे या बाईला मास्तरांपेक्षा लवकर कळलं आहे.

पुढच्या वस्तीत आणखी एक गोष्ट तुम्हाला दिसेल. घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याला ताजा हार आहे. या घरातली माणसं सतरा दिवसांपूर्वी, 14 ऑक्टोबरला, नागपुरात होती. लाखोंच्या त्या मेळाव्यात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. त्यांच्यासाठी या महिन्यात खरी हद्द ओलांडली गेली ती तिथे. याच भंडारा मतदारसंघाने 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना हरवलं, ही सल इथे ताजी आहे. त्याच बाबासाहेबांनी गेल्या वर्षी भाषावार राज्यांवर लिहिताना मराठी मुलखाची चार राज्यं सुचवली, त्यात हा पूर्वेकडचा मुलूख वेगळा होता. राज्य फार मोठं झालं की लहान समाजाचा आवाज त्यात बुडतो, ही त्यांची काळजी होती. या घरात तुम्हाला “जय महाराष्ट्र” ऐकू येणार नाही आणि “जय विदर्भ”सुद्धा नाही. इथे सध्या “जय भीम” म्हणतात.

आता एक वर्ष मागे चला, ऑक्टोबर 1955. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल नुकताच बाहेर आला आहे. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर या तिघांनी आठ मराठी जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य करावं अशी शिफारस केली आहे. नागपुरात वेगळ्या विदर्भाची मागणी करणाऱ्या बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांच्या गोटात समाधान आहे. पण दोन वर्षांपूर्वी, 28 सप्टेंबर 1953 ला, यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील आदी नेत्यांनी नागपूर करारावर सह्या केल्या आहेत: विदर्भाने सोबत यावं, लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्या मिळतील, सरकार दरवर्षी काही काळ नागपुरात बसेल, अधिवेशन तिथे होईल. आयोगाची शिफारस एकीकडे, नेत्यांचा करार दुसरीकडे. शेवटी 1956 च्या ऑगस्टमध्ये संसदेने तिसराच मार्ग काढला आणि मुंबई, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा, विदर्भ असं एक विशाल द्विभाषिक राज्य मंजूर केलं.

या सगळ्यात गोंदियाची मतपेटी तुम्ही कुठे शोधाल? ती नव्हतीच. आयोगाने निवेदनं मागवली, गावोगावच्या पुढाऱ्यांनी ती दिली, विधानसभेत भाषणं झाली. पण पोवार शेतकऱ्याला, बिडी वळणाऱ्या बाईला, दीक्षा घेऊन आलेल्या त्या घराला कुणी विचारलं नाही की बाबांनो, तुम्हाला कुठे राहायचंय. संसदेला राज्यांच्या सीमा ठरवण्याचा अधिकार राज्यघटनेनेच दिला आहे आणि तो योग्यही असेल. गावागणिक मत घेत बसलं तर देश उभाच राहिला नसता, असं म्हणणारे मला भेटले आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. तरीही विचारणं ही एक रीत असते. लग्न ठरवताना घरच्या म्हाताऱ्यालाही विचारतात, निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचा असला तरी.

आणि मराठी मुलखाच्या कडेला एकदा विचारलंही गेलं. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात मतदान झालं: महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. दोन पानांना 1,72,191 मतं पडली आणि फुलाला 1,38,170. विलीनीकरणवाले हरले, हळहळले, पण गोव्यात आजही कुणी असं म्हणू शकत नाही की आम्हाला विचारलंच नाही. विचारलं की भांडण मिटतंच असं मात्र नाही. 23 जून 2016 ला ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला तेव्हा 51.9 टक्के विरुद्ध 48.1 टक्के असा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी अर्धा देश सुन्न होता, अर्धा नाचत होता, आणि पुढे कित्येक वर्षं भांडण मिटलं नाही. लहान फरकाने घेतलेला मोठा निर्णय घरं दुभंगवतो हे त्यांनी भोगलं. तरी त्या भांडणातल्या प्रत्येकाजवळ स्वतःचं एक मत होतं. गोंदियाकडे तेवढंही नव्हतं.

परत 1956 नंतरच्या गोंदियात या, जरा वेगाने. 1 मे 1960 ला गुजरात वेगळा झाला आणि महाराष्ट्र उभा राहिला. इथल्या गुजराती बिडी व्यापाऱ्यांनी दुकानं हलवली नाहीत. 1962 ला ऐंशी ओलांडलेले बापूजी अणे वेगळ्या विदर्भाच्या मुद्द्यावर नागपुरातून अपक्ष उभे राहिले आणि लोकसभेत गेले. लोकांनी आपलं मत द्यायला ती एक जागा शोधली. राज्य बदललं तरी तहसीलीत मात्र जुनंच चालू होतं. जमिनीचा कारभार मध्य प्रदेशाच्या 1954 च्या महसूल संहितेनेच चालला, महाराष्ट्राची नवी संहिता लागू होईपर्यंत, म्हणजे 15 ऑगस्ट 1967 पर्यंत. जवळजवळ अकरा वर्षं गोंदियाचा शेतकरी एका राज्याचा रहिवासी होता आणि त्याच्या शेताला दुसऱ्या राज्याचा कायदा लागू होता. विदर्भाच्या विकासाच्या मंडळासाठी 1994 उजाडलं, आणि त्या मंडळाची मुदत 2020 च्या एप्रिलमध्ये संपली. 2013-14 च्या सुमारास ‘जनमंच’ या संस्थेने नागपुरात आणि इतर काही ठिकाणी स्वतःच मतपेट्या ठेवून वेगळ्या विदर्भावर लोकांचा कौल घेतला. त्याला कायद्याचं बळ नव्हतं, तरी लोक रांगेत उभे राहिले.

आता 2022 चा डिसेंबर. थंडी पडली आहे, नागपुरात हिवाळी अधिवेशन आहे, 1953 च्या त्या करारातलं. जत तालुक्यातल्या गावांवर कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी हक्क सांगितल्याने वादंग उठलंय. सुरगाण्यातली काही गावं गुजरातमध्ये जाण्याची भाषा करत आहेत. जिवतीतल्या चौदा गावांची तेलंगणाशी असलेली जुनी गुंतागुंत पुन्हा वर्तमानपत्रांत आली आहे. आणि तुम्ही गोंदियापासून थोडं पूर्वेला, आमगावात उभे आहात. आमगावने आणि शेजारच्या गावांनी, रिसामा, बनगाव, कुंभारटोली, पदमपूर अशा, मागणी केली आहे: आम्हाला मध्य प्रदेशात जाऊ द्या.

तुम्हाला वाटेल 1956 ची जखम उघडली. चौकात जाऊन बसा आणि लोकांना बोलू द्या. भोपाळचं नाव फार कमी येतं. येतं ते नगर परिषदेचं. नगर पंचायत की नगर परिषद, कोणती गावं त्यात आणि कोणती नाहीत, हा वाद न्यायालयात अडकला, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तोवर निवडणूक थांबली. गावं ग्रामपंचायतीतून निघाली आणि शहरात पुरती शिरली नाहीत. कारभार प्रशासकाकडे गेला. घरकुल मागायला गेलं तर ग्रामीण यादीत नाव नाही आणि शहराच्या यादीतही नाही. नालीसाठी कुणाकडे जायचं हेही ठरेना. ज्यांना आपल्या वॉर्डाचा माणूस निवडता येत नव्हता, त्यांनी शेवटी राज्यच सोडायची भाषा केली, आणि तेव्हा कुठे दूरच्या कॅमेऱ्यांना आमगाव दिसलं.

एका म्हाताऱ्याला तुम्ही विचारता, खरंच जाणार का मध्य प्रदेशात?

“कायले जाऊ जी?” तो म्हणतो. “इथंच इलेक्शन लावा म्हना. मतदान करून देतो, मंग रस्त्याचं आमी पाहून घेऊ.”