मूळ गाडी कुठली? मोटरसायकलला जोडलेल्या वस्तूंचा छोटा इतिहास



पेटची तयारी करणाऱ्या अनेकांचा एक प्रश्न नेहमी येतो : "बेसलाइन म्हणजे नक्की काय?" आज त्याचं उत्तर माझ्या प्रयोगशाळेतून न देता माझ्या मोटरसायकलवरून देतो. विषय इतिहासाचा आहे, पण चूक माझी स्वतःची आहे.

माझ्याकडे सेकंडहँड हिमालयन आहे, ४११ सीसीची. लेह-लडाखचं स्वप्न होतं, त्यामुळे स्टायपेंड साठवून तिला एकेक वस्तू जोडत गेलो. विज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळे प्रत्येक वस्तू बसवण्याआधी वजनकाट्यावर ठेवून वहीत नोंद केली. पॅनिअरची लोखंडी फ्रेम ५.२ किलो, ॲल्युमिनियमचे दोन रिकामे डबे ९.८, लेगगार्ड ४.६, जादा दिवे आणि त्यांच्या पट्ट्या १.४. एकूण २१ किलो. फ्रेम बसत नव्हती म्हणून साडीगार्ड काढला, ते ०.९ किलो वजा. वहीत हिशोब अगदी चोख होता.

पुढच्या रविवारी डबे घरी ठेवून आईला मागे बसवलं आणि निघालो. सात रस्त्याच्या सिग्नलजवळ मागून आवाज आला, "अरे थांब, पदर!" गाडीचा वेग कमी होता म्हणून वाचलो. पदराचा काठ आऱ्यांत गुंतून फाटला होता. आई काही बोलली नाही, पण घरी येताना रिक्षाने आली.

त्या रात्री वही पुन्हा उघडली. २१ किलोचा हिशोब होता, पण मागे कोण बसणार याची एकही नोंद नव्हती. मी 'मूळ गाडी' म्हणून जी धरली होती, तिच्यावर एकटा मीच बसलेला होतो. तिथून हे वाचन सुरू झालं.

कॅटलॉगमधला इतिहास

ॲडव्हेंचर टूरिंग गाड्यांचा इतिहास शोधायला गेलात की पहिल्यांदा युरोप सापडतो. पहिली पॅरिस-डकार रॅली २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून निघाली आणि १९७९ मध्ये संपली. मोटरसायकलींत सिरिल नव्हू यामाहा एक्सटी ५०० वर जिंकला. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस बाजारात आणली. नावातली दोन अक्षरं दोन जर्मन शब्दांची, एक खडबडीत मुलखासाठी आणि दुसरं रस्त्यासाठी. १९८१ मध्ये ह्यूबर्ट ओरिओलने याच जातीच्या गाडीवर डकार जिंकली.

वाळवंटात पेट्रोलपंप नसतात, म्हणून रॅलीच्या गाड्यांना मोठ्या टाक्या बसवत. १९८४ मध्ये बीएमडब्ल्यूने ३२ लिटरच्या टाकीसह 'पॅरिस-डकार' नावाचं मॉडेलच विकायला काढलं. म्हणजे स्पर्धकाने गरजेपोटी केलेला बदल काही वर्षांत कारखान्यातून 'मूळ' होऊन बाहेर आला.

आपल्याकडेही हेच दिसतं. मार्च २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली तेव्हा पुढची काच, मागचं कॅरिअर, टाकीच्या बाजूचे सामान अडकवायचे गज हे सगळं गाडीसोबतच आलं. त्याआधी लडाखला जाणारे बुलेटवाले हे सगळं गॅरेजमधून करून घेत. २०२० मध्ये आलेली केटीएम ३९० ॲडव्हेंचर तर आपल्या चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होते.

कालची ॲक्सेसरी आजची मूळ वस्तू होते. 'मूळ' ही सरकती रेघ आहे, हा पहिला मुद्दा.

जो कॅटलॉगमध्ये नाही

पण हा इतिहास मला इतक्या सहज का सापडला? कारण कंपन्या कॅटलॉग छापतात आणि स्पर्धांचे निकाल जपून ठेवले जातात. सोलापूरच्या आसपासच्या गावांत मोटरसायकलवर सगळ्यात जास्त बदल कोणी केले असतील, तर ते दूध घालणाऱ्यांनी. राजदूत १७५ आठवते का? एस्कॉर्ट्सची गाडी, पोलंडच्या एसएचएल एम ११ वर बेतलेली. तिच्या मागच्या सीटवर आडवा लोखंडी अँगल, दोन्ही बाजूंना जाड कड्या आणि कड्यांत लटकलेले दुधाचे कॅन.

आमच्या गल्लीत पूर्वी राजदूतवरून दूध घालणारे एक आजोबा आहेत. त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही गाडी कधी मॉडिफाय केली?" ते हसले. "तसलं काय मॉडिफाय न्हाई केलं बाळा. दुधाची गाडी म्हंजी कड्यासकटच गाडी."

मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. माझ्या प्रश्नात 'मूळ गाडी म्हणजे शोरूमची' हे गृहीत होतं. त्यांच्यासाठी शोरूमची गाडी अर्धवट होती, कड्या बसल्यावर ती पूर्ण झाली.

आणि ते काम भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही वाईट नव्हतं. २० लिटरचे दोन कॅन धरले, तर दुधाचंच वजन ४१ किलोच्या आसपास जातं. पण ते दोन्ही बाजूंना सारखं, खाली, मागच्या आसाजवळ. आता आधुनिक टॉपबॉक्स घ्या. भरलेला २० किलोचा डबा आसाच्या ३० सेंटिमीटर मागे असेल आणि दोन चाकांतलं अंतर १४६.५ सेंटिमीटर असेल, तर पुढच्या चाकावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो (२० × ३० ÷ १४६.५). हँडल हलकं लागतं, वेगात गाडी डुलायला लागते. दूधवाल्यांनी हे गणित मांडलं नव्हतं. पडणाऱ्या गाडीने सांडलेलं दूध त्यांना ते शिकवत असणार.

याची नोंद कुठल्या ग्रंथालयात? माझ्या हाती तरी लागली नाही. वेल्डिंगवाला पावती देत नाही. लेखी साधनांवरच थांबलो असतो, तर 'मोटरसायकल मॉडिफिकेशनचा इतिहास युरोपात सुरू झाला' असं बिनधास्त लिहून मोकळा झालो असतो.

कायद्याने ओढलेली रेघ

तिसरं साधन म्हणजे कायदा, आणि खरी मजा इथे आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे. १९८८ च्या मूळ शब्दांनुसार, आरसीमधले तपशील चुकीचे ठरतील असा बदल करायचा असेल तर आधी आरटीओला कळवायचं आणि मंजुरी घ्यायची. त्यात एक सवलत होती : वस्तू जोडल्याने किंवा काढल्याने गाडीच्या रिकाम्या वजनात आरसीतल्या वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत फरक पडला, तर मंजुरीची गरज नाही.

हे वाचून मी लगेच वही काढली. सुरुवातीच्या हिमालयनचं वजन १८२ किलो. त्याचे २ टक्के म्हणजे ३.६ किलो. माझा निव्वळ फरक २०.१ किलो, म्हणजे ११ टक्के. सवलतीच्या साडेपाच पट! आमच्या थिन फिल्मच्या कामात २ टक्के डोपिंगनेसुद्धा फिल्मची वाहकता बदलते आणि आम्ही त्यावर पेपर लिहितो. इथे ११ टक्के बदलून मी 'थोडंसं सामान लावलंय' म्हणत होतो.

२००० मध्ये हे कलम बदललं. आता तुलना उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी करायची असं ठरलं आणि २ टक्क्यांची ओळ गेली. म्हणजे आधी मालक बदल सुचवत होता आणि आरटीओ तपासत होता, नंतर 'मूळ' काय ते सांगण्याचा मान उत्पादकाकडे गेला. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका पक्की केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

त्या निकालाच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. 'आता कुठलंही मॉडिफिकेशन बेकायदा' अशा थाटाच्या. मीही तेच धरून चाललो होतो. निकाल स्वतः वाचला तेव्हा लक्षात आलं की सगळा भर आरसीत नोंदवायच्या आणि उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांवर आहे. बातमीपेक्षा निकाल अरुंदही आहे आणि नेमकाही. मथळा वाचून लिटरेचर रिव्ह्यू करू नका, हे सर मला तीन वर्षं सांगतायत. ते पटलं मात्र या निकालामुळे.

आणि साडीगार्ड

शेवटी ज्या वस्तूपासून सुरुवात झाली तिच्याकडे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १२३ मोटरसायकलवर मागे बसणाऱ्यासाठी तीन गोष्टी मागतो : धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान निम्मं झाकणारं संरक्षण. आपण जिला 'लुक बिघडवणारी जाळी' म्हणतो, ती हीच. मागे साडीतली, ओढणीतली, धोतरातली माणसं बसणार हे नियम लिहिणाऱ्यांनी धरलेलं होतं. मी धरलं नव्हतं.

म्हणून आता माझ्यापुरती व्याख्या अशी : बेसलाइन म्हणजे नुसता शून्यावरचा आकडा नाही. 'मूळ' म्हणताना कुणासाठी, कुठल्या कामासाठी आणि कुणी ठरवलेलं, हे तिन्ही लिहायला लागतं. कंपनीचं मूळ वेगळं, दूधवाल्या आजोबांचं वेगळं, नियम १२३ चं वेगळं. तिन्ही बरोबर असू शकतात, पण आपण कुठलं घेतलं ते न लिहिता काढलेला फरक निरुपयोगी. माझा २०.१ किलोचा आकडा अचूक होता, तरी आईचा पदर फाटलाच.

तुमच्या सिनॉप्सिससाठी एक छोटा गृहपाठ. 'बदल', 'वाढ', 'परिणाम', 'सुधारणा' हे शब्द जिथे जिथे आलेत तिथे पेन्सिलने खूण करा आणि समासात लिहा : कशाच्या तुलनेत? उत्तर एका ओळीत देता आलं नाही, तर तो भाग व्हायवात अडकणार हे नक्की.

गाडीचं म्हणाल तर फ्रेम आणि डबे उतरवून ठेवलेत. एका मिस्त्रींनी साडीगार्ड परत बसवून दिला. वहीत एक नवा रकाना वाढलाय, 'मागे कोण'. मागच्या आठवड्यात आई पुन्हा बसली. आधी वाकून जाळी हलवून पाहिली, मग पदर खोचला आणि म्हणाली, "हं, चल आता."