म्हातारा गिनीपिग आणि मुतखडा : एका रुग्णाचा इतिहास



समजा, तुमच्या घरी पाच वर्षांचा गिनीपिग आहे. गेले दोन दिवस तो लघवी करताना किंचाळतो, पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात बसतो आणि त्याच्या अंथरुणावर लालसर डाग दिसतात. तुम्ही चेन्नईत असाल, तर त्याला टोपलीत घालून वेपेरीच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्याल. तिथले डॉक्टर क्ष-किरण चित्र काढतील. मूत्राशयाच्या जागी एक पांढरा ठिपका दिसेल आणि निदान होईल : मुतखडा.

पुढे डॉक्टर काय सांगतात ते नीट ऐका. 'क जीवनसत्त्व रोज द्या. कॅल्शियम जास्त असलेला पाला बंद करा. पाणी भरपूर पाजा. मनाने प्रतिजैविक देऊ नका.' या चार सूचना साध्या वाटतात. पण त्यांतली प्रत्येक सूचना कुठल्यातरी प्रयोगशाळेत, कुठल्यातरी साली, प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतून आलेली आहे. ज्या गिनीपिगांमुळे हे ज्ञान मिळाले, त्यांतले बहुतेक वर्षभरही जगले नाहीत. मुतखडा हा गिनीपिगच्या मध्यम व उतारवयातला आजार. तेव्हा मुतखडा झालेला म्हातारा गिनीपिग हा वैद्यकाच्या इतिहासातला तसा नवाच रुग्ण आहे. तो रुग्ण कसा झाला, हे या पाठात पाहू.

१. पूर्वी उपचार कोणत्या प्राण्यांना मिळत?

माणसाच्या मुतखड्याची माहिती आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत त्याला 'अश्मरी' म्हटले आहे, तिचे चार प्रकार सांगितले आहेत आणि खडा शस्त्राने काढण्याची पद्धतही दिली आहे. प्राण्यांच्या वैद्यकाची परंपराही जुनीच, पण ती प्रामुख्याने राजाच्या आणि शेतकऱ्याच्या कामाच्या प्राण्यांची होती. चेन्नईच्या दक्षिणेला तंजावर आहे. तिथे मराठ्यांचे राज्य होते. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी 'धन्वंतरी महाल' चालवला. तिथे माणसांसाठी औषधे बनत, तशी जनावरांसाठीही बनत. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्र आणि अश्वशास्त्र यांवरची सचित्र हस्तलिखिते आहेत. हत्ती आणि घोडा यांना वैद्य होता, कारण त्यांच्यावाचून सैन्य चालत नसे.

१९०३ मध्ये मद्रासच्या सैदापेट भागात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे ते वेपेरीला आले आणि १९३६ मध्ये मद्रास विद्यापीठाशी जोडले जाऊन पदवी देऊ लागले. त्या काळी पशुवैद्यकाचे मुख्य काम गुरे आणि घोडे यांचेच होते. एक किलो वजनाच्या, दूध न देणाऱ्या, ओझे न वाहणाऱ्या प्राण्यावर शस्त्रक्रिया करायची, ही कल्पना तेव्हा कोणी मांडली असती तर लोक हसले असते.

२. अँडीज पर्वतापासून मद्रासपर्यंत

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीतला. तिथल्या लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवले, ते मुख्यतः मांसासाठी. सोळाव्या शतकात तो युरोपात आला. स्वित्झर्लंडचे निसर्गअभ्यासक कोनराड गेस्नर यांनी १५५४ मध्ये त्याचे वर्णन केले आहे.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, म्हणून त्यापुढचा टप्पा मला विशेष जवळचा. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाचा उष्मामापक वापरला. आत गिनीपिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले. श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, या विचाराला त्या मोजमापाने आधार मिळाला. उष्मागतिकीच्या पुस्तकात कॅलरी शिकताना या प्राण्याची आठवण ठेवायला हरकत नाही.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. त्या पुराव्यातही गिनीपिग होते. त्यांना क्षय लवकर आणि खात्रीने होतो, म्हणून पुढे कित्येक दशके क्षयाच्या निदानासाठी रुग्णाची थुंकी गिनीपिगला टोचत आणि काही आठवड्यांनी त्याला मारून तपासत. मद्रासमध्ये १९५६ साली चेटपेट येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. क्षयाचा रुग्ण घरी राहूनही औषधाने बरा होऊ शकतो, हे या केंद्राच्या अभ्यासाने जगाला दाखवले. याच काळात मद्रासच्या रुग्णांचे जंतू आणि ब्रिटनच्या रुग्णांचे जंतू गिनीपिगांना टोचून त्यांची तुलना केली गेली. दक्षिण भारतातले अनेक जंतू गिनीपिगांमध्ये कमी तीव्र ठरले. हा निष्कर्ष १९६० मध्ये प्रसिद्ध झाला आणि क्षयाच्या अभ्यासात आजही महत्त्वाचा मानला जातो.

'आम्हाला काय गिनीपिग समजता?' असे आपण मराठीत रागाने म्हणतो. हा वाक्प्रचार याच इतिहासातून आला.

३. आहार आणि खडा

आता डॉक्टरांच्या पहिल्या सूचनेकडे वळू. १९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी गिनीपिगांना नुसते धान्य खायला घातले. त्यांना स्कर्व्ही झाला. उंदीर, कुत्रा, गाय हे प्राणी आपल्या शरीरात क जीवनसत्त्व बनवतात. माणूस आणि गिनीपिग यांना ते जमत नाही. १९३२ मध्ये झेंट-ज्योर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क जीवनसत्त्वाची ओळख पक्की केली, तीही स्कर्व्हीच्या गिनीपिगांवरच. आज तुम्ही औषधाच्या दुकानातून क जीवनसत्त्वाचे थेंब आणता, तेव्हा माणसासाठी लावलेला हा शोध पुन्हा गिनीपिगकडे येतो.

दुसरी सूचना मुतखड्याच्या आहाराची. तिचा एक धागा जुन्या मद्रास इलाख्यातूनच जातो. नीलगिरीतल्या कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन आहाराचे संशोधन करत. अपुऱ्या आहाराचा शरीरावर होणारा परिणाम त्यांनी गिनीपिगांमध्येही तपासला होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी उंदरांवर मुतखड्याचे प्रयोग केले. धान्याचे पीठ जास्त आणि अ जीवनसत्त्व कमी अशा आहारावर वाढलेल्या उंदरांच्या मूत्राशयात खडे झाले. त्याच आहारात दूध घातले, तेव्हा खडे टळले. ताटातल्या अन्नावरून मूत्राशयात खडा होईल की नाही हे ठरू शकते, ही गोष्ट प्रयोगाने दाखवता आली. कुन्नूरची ती संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

पण इथे एक सावधगिरी बाळगा. उंदराचा, माणसाचा आणि गिनीपिगचा खडा सारखा नसतो. माणसात कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे जास्त आढळतात. गिनीपिगमध्येही तेच असणार, असे बराच काळ समजले जाई. २००९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी पाळीव गिनीपिगांचे खडे तपासून प्रसिद्ध केले, तेव्हा बहुतेक खडे कॅल्शियम कार्बोनेटचे निघाले. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात बादलीला जो पांढरा थर बसतो, बॉयलरच्या नळ्यांत जो साचतो, तोच हा पदार्थ. गिनीपिगचे आतडे अन्नातले कॅल्शियम सढळपणे शोषते, जास्तीचे कॅल्शियम लघवीतून बाहेर पडते आणि त्याची लघवी अल्कधर्मी असते. पाणी कमी पडले की त्यातला क्षार खाली बसतो. तारीख पाहा : माणसासाठी गिनीपिग वापरायला लागून शंभराहून जास्त वर्षे झाल्यावर त्याच्या स्वतःच्या खड्याची अशी तपासणी झाली. ती झाली कारण लोक आपले म्हातारे गिनीपिग दवाखान्यात आणू लागले होते.

चौथ्या सूचनेचे साल १९४३. पेनिसिलिन माणसांचे प्राण वाचवत होते, त्याच वर्षी ते गिनीपिगांना मारते असे प्रसिद्ध झाले. त्यांच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि घातक जंतू वाढतात. म्हणून घरातल्या माणसाची उरलेली गोळी त्याला कधीही देऊ नये.

४. कायदा चेन्नईतून आला

मद्रासच्या अड्यार भागात 'कलाक्षेत्र' उभारणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या. प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी त्यांनी १९५३ मध्ये खासगी विधेयक मांडले. सरकार स्वतः कायदा करील, असे आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. मंडळाचे मुख्यालय अनेक दशके चेन्नईतच होते.

हा कायदा तुम्ही मुळातून वाचा, विशेषतः कलम ३ आणि कलम १७. कलम ३ म्हणते की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने त्याच्या सुखस्वास्थ्यासाठी आणि विनाकारण होणाऱ्या वेदना टाळण्यासाठी योग्य ते उपाय करावेत. घरातला गिनीपिग या कलमाखाली येतो. कलम १७ प्रयोगांविषयी आहे. लहान प्राण्यांवर तोच निष्कर्ष मिळत असेल तर मोठ्या प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, असे ते सांगते आणि त्या लहान प्राण्यांत गिनीपिग, ससा, बेडूक व उंदीर यांची नावे घेते. एकाच कायद्यात गिनीपिग दोन ठिकाणी आहे : एका कलमाने त्याच्या वेदनेची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे, दुसऱ्याने त्याला मोठ्या प्राण्याच्या जागी पुढे केले आहे. चेन्नईतही या दोन्ही गोष्टी आजवर शेजारी शेजारी चालत आल्या आहेत.

५. आता तुमच्या हातात काय आहे?

इतिहास समजल्यावर काळजीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आहारात मुख्य भाग गवताचा असावा. चेन्नईत पिळ्ळैयारच्या देवळाबाहेर 'अरुगंपुल' म्हणजे आपल्या दूर्वा मिळतात. त्या स्वच्छ धुऊन देता येतात. लसूणघास हे कॅल्शियमने भरलेले आहे, ते मोठ्या वयाच्या गिनीपिगला नको. शेवग्याचा पाला आणि हादग्याचा पाला तमिळ स्वयंपाकघरात पौष्टिक म्हणून मानाने येतो. तो पौष्टिक ठरतो तो कॅल्शियममुळे, आणि म्हणूनच खडा झालेल्या गिनीपिगला तो देऊ नये. क जीवनसत्त्व किलोमागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागते. ढोबळी मिरचीचा तुकडा त्यासाठी चांगला, आजारात डॉक्टर थेंब सुचवतील.

मे महिन्यात चेन्नईचे तापमान चाळिशीला टेकते. गिनीपिगला १८ ते २४ अंश मानवते आणि तिशीच्या वर उष्माघाताचा धोका असतो. पाण्याची बाटली आणि वाटी दोन्ही ठेवा, पाला ओला करून द्या, जागा गार ठेवा.

स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर रोज वजन करून वहीत लिहा. हा प्राणी दुखणे लपवतो, पण आकडे लपत नाहीत. त्याने दिवसभर खाल्ले नाही, लघवी अडली किंवा नुसतेच थेंब येऊ लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठा.

कॅल्शियम कार्बोनेटचा खडा औषधाने विरघळत नाही. लहान खडा कधी आपोआप पडतो, मोठा शस्त्रक्रियेने काढावा लागतो, आणि काढल्यावर पुन्हा होऊ शकतो. गिनीपिगचे आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षांचे. सहा वर्षांच्या, अशक्त प्राण्याला भूल द्यायची की वेदना कमी ठेवून उरलेले दिवस सुखाचे करायचे, हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. वेदना आवरत नसतील तर त्याला शांतपणे निरोप देण्याचा पर्यायही विचारावा. निर्णय कोणताही असो, तो त्या प्राण्याच्या हिताचा विचार करून घेतला जातो. लाव्हाझिएच्या उष्मामापकात किंवा कॉखच्या प्रयोगशाळेत असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

त्या प्रयोगांमुळे माणसे वाचली, हे नाकारण्याचे कारण नाही. तुमच्या आजीआजोबांपैकी कोणी क्षयातून उठले असेल, तर त्यातही या प्राण्याचा वाटा आहे. म्हणून त्याच्या म्हातारपणी त्याला औषध, पाणी आणि सावली देणे हे फाजील लाड आहेत असे कोणी म्हणाले, तर त्यांना हा हिशेब सांगा.

विचारासाठी प्रश्न

१. कलम ३ आणि कलम १७ यांत विसंगती आहे असे तुम्हाला वाटते का? कारणे द्या.
२. मॅककॅरिसन यांचे उंदरांवरचे निष्कर्ष गिनीपिगच्या खड्याला जसेच्या तसे का लावता येत नाहीत?
३. तुमच्या गावातल्या किंवा शहरातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. पन्नास वर्षांपूर्वी तिथे कोणते प्राणी येत आणि आज कोणते येतात, हे जुन्या कर्मचाऱ्यांना विचारून दोन पानांची टीप लिहा.